मुसाफिराचा एक दिवस : जालना

नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. मोटारीला ताशी १२० ची मुभा. त्यामुळे बहुतेकांना वाटते, मध्ये थांबायचे कशाला? पण सरळसोट, एकसुरी रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे असतात आणि मन झोपी जाते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून २५ प्रवासी दगावले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून नागपूरहून रत्नागिरीला निघताना आम्ही ठरवले होते, जवळपास मध्यावर जालन्यात पूर्ण एक दिवस मुक्काम करायचा. सोबत अम्मी होत्या, दोन मुले होती आणि गाडी चालवणारे भाईजान एकटेच. शरीराचाही आपल्यावर हक्क असतो, हे अम्मींचे नेहमीचे सांगणे.

नवीन जालन्यात उतरलो. कुंडलिका नदीने या शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना, म्हणजे पूर्वीचे कादराबाद. भाईजान नाश्ता करून झोपले ते थेट जोहरला उठले. मे महिन्याचे ऊन असे की दुपारी बाहेर पडण्याची सोय नव्हती. मुलांनी मोसंबीच्या रसावर दुपार काढली. इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. लोखंडी सळया आणि बियाणे हे इथले मोठे धंदे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. गावाच्या नावाची गोष्टही व्यापाराचीच. एका धनवान जुलाह्याने, म्हणजे विणकराने, गावावर उपकार केले आणि त्याच्यावरून जालना हे नाव पडले, असे सांगतात.

असरच्या वेळी ऊन उतरले, तसे आम्ही जुन्या जालन्यात काळ्या मशिदीकडे गेलो. निजामशाहीतला इथला अंमलदार जमशेदखान याने ती १५७८ मध्ये बांधली. मशिदीबरोबर त्याने हमाम बांधला आणि समोर सराय. म्हणजे नमाज, अंघोळ आणि मुक्काम, मुसाफिराच्या तिन्ही गरजा एकाच ठिकाणी भागत. त्यानेच मोतीतलाव बांधला. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत आणले, आणि त्यातला सर्वांत मोठा हौद सरायच्या चौकातच होता. पाण्याची सर्वांत मोठी सोय परक्या माणसासाठी! अम्मी एवढेच म्हणाल्या, “ह्याला सदका-ए-जारिया म्हणतात, बाळांनो.”

आजच्या जालन्यात ही गोष्ट अधिक लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात याच शहराने टँकरच्या रांगा पाहिल्या. नवीन जालन्याला पाणी देणारा घाणेवाडी तलाव निजाम राजवटीतला. तिथून पाणी केवळ उतारावरून शहरात येते, पंप लागत नाही. वर्षानुवर्षे साचलेला गाळ इथल्या लोकांनी वर्गणी काढून उपसला. पूर्वजांनी बांधून ठेवलेले आपण निदान उपसून तरी ठेवावे, एवढे साधे त्यातले शहाणपण.

संध्याकाळ मोतीबागेत गेली. मुले पळापळी खेळली, अम्मी तलावाच्या बाजूने तोंड करून तसबीह घेऊन बसल्या. मगरिबनंतर मुक्कामावर परतलो. मुलांनी बाटल्यांत उरलेले पाणी सिंकमध्ये न ओतता दारातल्या कुंडीत घातले. कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर निघालो. भाईजानच्या डोळ्यांत झोपेचा लवलेश नव्हता. समृद्धीवरून लांबचा पल्ला गाठणार असाल, तर हिशेबात पेट्रोल आणि टोलबरोबर एक रात्रही धरा. चालकाला झोपू द्या आणि तोवर मुलांना काळी मशीद व मोतीतलाव दाखवा. पोहोचायला एक दिवस उशीर होईल. पण घरची माणसे वाट पाहतात ती आपण सुखरूप येण्याची.