रिकाम्या घराची किल्ली

वसईत घर बंद करून परगावी निघताना माझी आई हंडे-कळशा भरून ठेवी. परतणाऱ्याला घरात पाणी मिळावे, एवढाच तिचा हेतू. भरलेले घर म्हणजे जिवंत घर, हा संस्कार घेऊनच मी काही वर्षांपूर्वी कॅनडातील ओटावा शहरात सेवेसाठी गेलो.

तेथील धर्मग्रामातील एक वृद्ध विधवा जानेवारीत लेकीकडे गेल्या. जाताना घराची किल्ली माझ्या हाती देऊन म्हणाल्या, “फादर, एक दिवसाआड फेरी मारा.” पहिला आठवडा मी गेलो. नंतर अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, थंडी अशी कारणे स्वतःला सांगत दहा दिवस फिरकलो नाही. त्याच काळात घर उबदार ठेवणारी भट्टी बंद पडली. बाहेर पारा उणे वीस अंशांवर होता.

मी दार उघडले तेव्हा सारे कोरडे, शांत होते. सुटकेचा श्वास टाकून भट्टी दुरुस्त करवून घेतली. घर तापले आणि दुपारी स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी वाहू लागले!

नळकारागिराने मग उलगडा केला. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. बर्फाचे बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो व नळी फुटते. बर्फ असेतो वाट बुजलेली असते. तो वितळला की भेग वाहू लागते. म्हणून घर सोडताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, सारे नळ उघडावेत आणि सर्वांत खालच्या नळातून पाणी काढून टाकावे. गरम पाण्याची टाकी आधी बंद करून मग रिकामी करावी. शौचालयाची टाकीही उपसावी. मोरीखालच्या वाकड्या नळीतले पाणी गटाराची दुर्गंधी अडवते. तेथे न गोठणारा बिनविषारी द्रव ओततात. मोटारीत घालतात तो बहुधा विषारी असतो, तो वापरू नये.

बाई परतल्या. भिंतीकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले, “फादर, तुम्ही आलाच नव्हता का?” इतरांची पापनिवेदने ऐकणाऱ्या मला “नाही” हा एक शब्द उच्चारणे किती जड गेले!

आज आपली परदेशस्थ मुले नाताळासाठी गावी येतात, तेव्हा त्यांची तिकडची घरे ऐन हिवाळ्यात रिकामी असतात. कुशल विचारून झाल्यावर मी त्यांना हटकून विचारतो, “नळ्या रित्या केल्यास ना? किल्ली कोणाकडे दिलीस?” आणि ज्याच्याकडे दिली, तो खरोखर फेरी मारतो का, हेही विचारतो.