धीर देणारं पत्र

पाटोदा,
डिसेंबर 2025

चि. प्रमोद यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांचं, दादाचं म्हणणं, मी तुला धीर देणारं पत्र लिहावं आणि 'या वेळी तुझं होणारच' हे वाक्य त्यात असावं. धीर द्यायला मी बसलेच आहे. ते वाक्य मात्र माझ्या हातून लिहिलं जात नाही. ते खरं ठरेल की नाही हे मला माहीत नाही, तुला नाही, आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कुठल्या क्लासवाल्यालाही नाही.

आधी आकडे बघू. 2025 च्या राज्यसेवेच्या संयुक्त परीक्षेची जाहिरात निघाली तेव्हा जागा होत्या 385 आणि अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. एका जागेमागे साडेचारशे जण झाले. त्यातून तुझ्या प्रवर्गाच्या वाट्याला किती जागा येतात, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. तुझ्या अभ्यासिकेतल्या प्रत्येकाला हे पाठ असेल, पण चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की सगळे गप्प होतात, असं तूच मागे सांगितलं होतंस. त्या गप्प बसण्याची मला जास्त काळजी वाटते. हरण्याची तेवढी वाटत नाही.

मागासवर्गीयांना वयाची अट 43. ही सवलत हवीच होती, आपल्यासारख्या घरातली मुलं उशिराच शिकायला लागतात. पण तिचा दुसरा परिणामही मी बघते आहे. थांबायचं कधी, हे आता बाहेरून कुणी सांगत नाही. आपल्या तालुक्यातली कितीतरी पोरं 'अजून वय आहे' या एका वाक्यावर तिशी ओलांडून गेली. त्यांच्या आया लग्नात कोपऱ्यात बसतात, कुणी विचारू नये म्हणून. तू त्या रांगेत बसू नयेस असं मला मनापासून वाटतं.

तू म्हणशील, आत्या, रेल्वेसुद्धा आलीच ना! मागच्या वेळी तू हेच म्हणालास आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला 1995 साली. आम्ही शाळेत पोरांना सांगायचो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा रेल्वेनं जाल. ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं शाळेत आली, तरी रूळ नव्हते. गोपीनाथ मुंडे साहेब 2014 ला गेले, त्यांनाही ती बघायला मिळाली नाही. आष्टीपर्यंत गाडी आली 2022 च्या सप्टेंबरात, आणि या 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोचली. आपल्या अमळनेरच्या स्टेशनात लोकांनी इंजिनाला हार घातले, म्हाताऱ्या बायांनी रुळाला हात लावून नमस्कार केला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पण ती आली कशी ते बघ. निम्मा खर्च राज्यानं उचलायचं ठरलं, जमिनींचं संपादन झालं, पूल बांधले गेले, तेव्हा ती आली. नुसती वाट बघून आली नाही. आणि वाट बघणाऱ्या कुणी रेल्वेच्या भरवशावर आपला प्रवास अडवून ठेवला नव्हता. तीस वर्षं माणसं एसटीनं बीडला जात होती, कोर्टात, दवाखान्यात, बाजारात. रेल्वेची आशाही होती आणि पासही काढलेला होता. तुझ्याकडे आशा आहे. पास कुठे आहे?

आता थोडं टोचणारं लिहिते. दादा-वहिनींचा कोयता यंदाही ऊसतोडीला गेला आहे. मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीतून आधी तुझी कॉट, मेस आणि अभ्यासिकेचे पैसे बाजूला निघतात, मग बाकीचं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, तरी टनामागे साडेतीनशेच्या वर काहीतरी हातात पडतं. तुझा महिन्याचा खर्च दहा हजार धरला, तर तो सत्तावीस-अठ्ठावीस टन ऊस झाला. अंगात बळ असेल तेव्हा दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडतात, म्हणजे महिन्यातले चौदा दिवस ते तुझ्यासाठी फडात उभे असतात. एक खाडा झाला की तेवढं उचलीवर चढतं. हे मी तुला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. दादाला हा हिशोब तोंडपाठ आहे आणि त्यानं तो आनंदानं स्वीकारला आहे. पण तो तुझ्यासमोर कधी मांडणार नाही, आणि त्याच्या न मांडण्यावर तुझी आशा उभी राहिली तर ती त्याच्याशी बरोबर होणार नाही.

खरं बोलण्याची गोष्ट निघाली म्हणून तुझ्या आईचं सांगते. तुला हे माहीत नाही. 2019 साली आपल्या जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय निघाला, सरकारनं नीलम गोऱ्हेंची समिती नेमली, घरोघरी विचारणा झाली. आरोग्य खात्याची ताई आपल्या दारात आली तेव्हा वहिनी ओट्यावर तूर पाखडत होती. शेजारची जाऊ खुणेनं सांगत होती, काही बोलू नको, पोरींची लग्नं अडतील. तेव्हा सगळीकडे हेच बोललं जायचं, बीडची बदनामी चालली आहे. वहिनीनं सूप खाली ठेवलं आणि सांगितलं, "माझी काढलीय. तवा तिशीबी नव्हती माझी." कुठल्या दवाखान्यात, किती पैसे घेतले, कॅन्सर होईल म्हणून कसं घाबरवलं, सगळं सांगितलं. ताईचं पेन मध्येच थांबलं होतं. वहिनी म्हणाली, "लिहा की."

त्या पाहणीत 82,309 बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. पण आकडा बाहेर पडल्यावरच खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली, हंगामाला जाण्याआधी बायांची तपासणी होऊ लागली. सगळं सुधारलं असं नाही. वहिनीचं जे गेलं ते गेलंच, तिची कंबर आजही धरते. पण तिच्या मागून जाणाऱ्या पोरींना थोडी आशा मिळाली, आणि ती त्या 'लिहा की'मधून मिळाली. जिल्ह्याची अब्रू झाकणाऱ्यांनी त्यांना काही दिलं नाही.

त्या आईचा तू मुलगा आहेस. म्हणून मी तुला गोड वाक्य लिहून पाठवणार नाही.

मला खरोखर आशा कुठे दिसते तेही सांगते, कारण ती आहे. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली. 2023 ला तुम्ही मुलं अलका चौकात बसलात, नवी पद्धत 2025 पासून लागू करा म्हणून, आणि लोकसेवा आयोगानं ते मान्य केलं. आता 2025 आलं. पर्याय निवडायचा जुना सराव मुख्य परीक्षेला पुरणार नाही, हे कडू आहे. पण त्यामुळे सगळेच थोडे मागे येऊन उभे राहिलेत, आणि तुझं लिहिणं चांगलं आहे. चौथीत तू पावसावर लिहिलेला निबंध मी वर्गात वाचून दाखवला होता, तो आत्या म्हणून नव्हे, बाई म्हणून. तेव्हा स्वतःलाच विचार, मिळालेल्या या दोन वर्षांत मी रोज एक तरी उत्तर हातानं लिहून काढलं का? उत्तर 'हो' असेल तर मी तुझ्या बाजूनं दादाशी बोलेन आणि पैशाचंही बघेन.

दुसरी गोष्ट. सप्टेंबरच्या पुरानं पूर्वपरीक्षा 28 तारखेवरून 9 नोव्हेंबरला गेली आणि तू गावी आलास. मांजरा आपल्याच तालुक्यात, गवळवाडीला उगम पावते. 2016 ला याच नदीवरचं धरण आटलं म्हणून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि यंदा तिनं काठची शेतं खरवडून नेली. त्या दिवसांत तू वाडीतल्या लोकांचे मदतीचे अर्ज भरलेस, कुणाचं आधार जुळत नव्हतं, कुणाचा सातबारा मेलेल्या सासऱ्याच्या नावावर होता, ते सगळं निस्तरलंस. माती गेलेल्या रानात आधी काय पेरावं, हे तू कृषीचा पदवीधर म्हणून सांगत होतास आणि म्हातारी माणसं ऐकत होती. मी ओट्यावरून बघत होते. इतका मोकळा तू मला कित्येक वर्षांत दिसला नव्हतास. तू मात्र म्हणालास, अभ्यासाचे दिवस वाया गेले.

आपल्या बालाघाटावरचा शेतकरी मृगाकडे डोळे लावतो, मूग-उडीद पेरतो. पाऊस ओढला आणि दिवस निघून गेले, की तो रान मोडतो आणि ज्वारीसाठी तयार करतो. हस्त नक्षत्रापर्यंत मुगाची वाट बघत बसला तर ज्वारीही जाते. रान मोडताना त्याच्या जिवाला काय होतं ते मी आमच्या बाबांच्या तोंडावर बघितलं आहे. तरी औत धरायचे.

म्हणून माझं सांगणं असं. या वेळेचा निकाल काहीही लागो, त्यानंतरचा एकच प्रयत्न तू पुरता, जीव ओतून करायचा. तो कोणत्या महिन्यात संपतो ते वहीत लिहून ठेव आणि मला कळव, म्हणजे ती तारीख आपल्या दोघांत राहील. तोवर पुण्यातच अर्धवेळ काम बघ. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मिळालं तर उत्तम, नाही तर बियाणांच्या दुकानात. दादाचे पैसे निम्मे तरी कमी व्हायला हवेत. त्यानं अभ्यास बुडेल असं तू म्हणशील. थोडा बुडेल. मी ते धरूनच बोलते आहे.

दादाला मी सांगेन की पत्र लिहिलं. 'होणारच' लिहिलं का, असं विचारलं तर नाही म्हणेन, आणि का ते त्यालाही समजावीन. तो समजेल. आपल्या घरात कुणाला खऱ्याची भीती नाही, प्रेमापोटी एकमेकांपासून लपवण्याची सवय तेवढी लागली आहे.

तुझं पदवीचं मूळ प्रमाणपत्र अजून विद्यापीठातच पडून आहे, असं मागे म्हणाला होतास. कामाला कुठेही गेलास तरी ते आधी मागतील. या आठवड्यात जाऊन घेऊन ये. फी मी पाठवते.

तुझी,
आत्या