हळदीचा गड्डा आणि माऊस

आजची नोंद शेतातली नाही, पाकिटावरची आहे. हळद पावडर करून विकणाऱ्यांनी तेवढी वाचा.

पहिल्यांदा पॅकिंग सुरू केलं तेव्हा मोबाईलमधल्या एका फुकटच्या ॲपवर लोगो केला. गोल चौकट, उगवता सूर्य, खाली नांगर. दहा मिनिटांत झाला, खूश होतो. मग प्रदर्शनात स्टॉल लावला, तर पलीकडच्या रांगेत एका गटाच्या हळदीवर तोच सूर्य, तोच नांगर. त्यांनीही तिथूनच उचललेला. त्यांचा काय दोष म्हणा. पण महिनाभरानं एका ताईंचा फोन आला, "दादा, ह्या वेळी हळदीला वासच नाही." पाकिटाचा फोटो मागवला. पाकीट त्या गटाचं होतं! समजावून सांगितलं, पण ताईंनी परत माल घेतला नाही.

तेव्हा ठरवलं, आपलं चित्र आपणच काढायचं. पुतण्याच्या लॅपटॉपवर इंकस्केप टाकून घेतलं, त्याला पैसे पडत नाहीत. सेलमचा एक जेठा गड्डा धुतला, पांढऱ्या धोतरावर ठेवून फोटो काढला. फोटो खाली लॉक करून वरून पेनच्या टूलनं कडेकडेनं रेघ फिरवायची. आधी मी आपोआप रेघ काढायचं बटण दाबलं, तर शेकडो बिंदू पडले आणि गड्ड्याला खरूज झाल्यागत दिसायला लागलं. हातानं काढलं तर २२ बिंदूंत काम झालं. बिंदू कमी तेवढी रेघ गुळगुळीत. चार रात्री गेल्या. खुरपं बरं, पण माऊस नको असं झालेलं.

तयार झाल्यावर मंडळींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आलं कधी लावलंत?"

खरंच की! नुसत्या रेघेत हळद आणि आलं सारखंच दिसतं. मग एक हळकुंड मोडलेलं दाखवलं, आत पिवळं भरलं, मागं हळदीचं रुंद पान घातलं. आल्याचं पान अरुंद असतं, शेतकऱ्याला तेवढं कळतं.

प्रेसमध्ये दोन गोष्टी फसल्या. खाली 'शिवारातली हळद' लिहिलेलं. मी तशीच फाईल दिली. त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी सरकली आणि १००० स्टिकरवर 'शविारातली हळद' छापून आलं. पैसे गेले. फाईल देताना अक्षरं सिलेक्ट करून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करायचं, म्हणजे अक्षराचं चित्र होतं, मग फॉन्ट असो नसो, हलत नाही. मूळ फाईल मात्र वेगळी ठेवा, पाथ केल्यावर मजकूर बदलता येत नाही.

दुसरं रंगाचं. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा, छपाईचा शाईचा. माझा पिवळा छापून लिंबासारखा आला. पूर्ण पिवळ्यात २० टक्के मजेंटा घातल्यावर हळदीच्या जवळ गेला. आणि पांढऱ्या पाकिटावर पिवळी अक्षरं घालू नका, चार हातांवरून वाचता येत नाहीत. मी गडद तपकिरी केली.

व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी प्रेसला देऊ नका, तो मोठा केला की फुटतो. रेघांची एसव्हीजी किंवा पीडीएफ फाईल द्या. ५० ग्रॅमच्या पाकिटावर आणि फ्लेक्सवर तीच चालते.

ट्रेडमार्कचा अर्जही भरलाय. हळद वर्ग ३० मध्ये येते, एकट्या शेतकऱ्याला ऑनलाईन फी ४५०० रुपये. तोवर नावापुढं टीएम लिहितोय. गोलातला आर नोंदणी मिळाल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे.

आता अडकलोय बारदानावर. तिथं पत्र्याचं स्टेन्सिल आणि एकच काळा रंग. आतला मोडलेला भाग पत्रा कापताना गळून पडतो, म्हणून मध्ये पट्ट्या ठेवाव्या लागल्या, पिवळा तर नाहीच. पोत्यावर परत आल्यासारखंच दिसतंय. कुणाला काही सुचलं तर सांगा.