न्हाणीघराचा जीर्णोद्धार

देवळाच्या जीर्णोद्धाराची वार्ता कानी आली की आपल्या समाजातील घराघरातून यथाशक्ती वर्गणी निघते, कलशारोहणास गावोगावची माणसे जमतात आणि देणगीदारांची नावे शिलेवर कोरली जातात. घरातल्या न्हाणीघराचा जीर्णोद्धार मात्र कोणी मनावर घेत नाही. पडेल तेव्हा पाहू, असे म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या काढतो. आमच्या घरीही तेच झाले. फरक इतकाच की पडले ते न्हाणीघर नव्हे, आमची वृद्ध आई पडली.

धारवाडास माळमड्डीत आमच्या आजोबांनी बांधलेले घर आहे. मुंबई इलाख्याच्या अमदानीत नोकरीनिमित्त ते कारवारकडून घाट चढून आले, तेव्हा देव्हारा आणि तांब्याचे भाण एवढ्या दोन वस्तू त्यांनी जिवापाड जपून आणल्या. देव्हारा देवघरात गेला, भाण न्हाणीघरात चुलीवर बसले. दोहोंच्या मध्ये एकच भिंत. चुलीचे तोंड परसाकडे, म्हणजे धूर बाहेर आणि ऊब आत. एका कोपऱ्यात दगडी हौद, खाली काळी फरशी, आणि मोरीचे पाणी जेथे बाहेर पडे तेथे आळूचा वाफा. ह्या वाफ्यातल्या पानांचा पत्रोडा आमच्या चार पिढ्यांनी खाल्ला आहे.

हौदाचे महत्त्व हुबळी-धारवाडकरांस सांगावयास नको. सौंदत्तीजवळच्या मलप्रभेच्या जलाशयातून आपणांस पाणी मिळते खरे, परंतु ते नळास केव्हा येईल ह्याची वाट पाहण्यात आमची हयात गेली. २००८ साली शहराच्या काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा ज्यांच्या घरी ते आले त्यांनीही हौद लगेच फोडले नाहीत. सवय ही अशी चिवट असते.

आई रोज पहाटे न्हावयास जाई आणि पहिला तांब्या अंगावर घेताना नद्यांचे स्मरण करणारा श्लोक मोठ्याने म्हणे. त्या स्वरानेच आमचे घर जागे होई. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एके पहाटे तो श्लोक अर्ध्यावर तुटला. आम्ही धावलो. दैव बलवत्तर, हाड मोडले नव्हते. परंतु त्या दिवसापासून आई न्हाणीघरात मुकाट्याने जाऊ लागली. दाराची कडी लावीना, श्लोक म्हणेना. कधी न्हाणे टळले तर देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून लांबूनच हात जोडी. न्हाल्याखेरीज देवास न शिवणाऱ्या त्या माउलीची भीती तिच्याकडून देवही दुरावू लागली होती. ते आम्हांस पाहवेना.

आम्ही दोघा जाणत्या कारागिरांना बोलावले. दोघांनीही भाण, चूल, हौद सारे काढून नवे बांधा, असा सल्ला दिला. भाण हलवण्याचे नाव काढताच आईचा चेहरा उतरला. नुकतेच सेवानिवृत्त झाल्यामुळे वेळ हाताशी होता. तेव्हा छन्नी, हातोडा, ओळंबा आणि थापी घेऊन आम्हीच ह्या कामास बसलो. चिरंजीव सुटीच्या दिवशी पुण्याहून येऊन मदत करीत.

पहिली चूक आमच्या हौसेने केली. दुकानात पांढऱ्याशुभ्र, आरशासारख्या लाद्या पाहून आम्ही भाळलो आणि जुनी फरशी उचलून त्या बसवल्या. चार दिवसांनी आईस मोठ्या अभिमानाने आत नेले. तिने एक पाऊल टाकले, मागे घेतले आणि शांतपणे म्हणाली, “पुता, हांगा पांय रावना.” पाय जेथे ठरत नाही, तेथे शोभा काय कामाची? ती झिलई भिंतीसाठी असते, ओल्या पायांखाली नव्हे, हे दुकानात आमच्या ध्यानी आले नव्हते. आम्ही लाद्या उखडल्या. परसात उलट्या रचलेल्या जुन्या फरश्या न्याहाळल्या, तेव्हा असे दिसले की वरची बाजू पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झाली असली तरी खालची खरखरीत होती. तीच बाजू वर करून, जेथे चढउतार होता तेथे टाकीने हलके घाव घालून, आम्ही त्या पुन्हा मांडू लागलो.

दुसरी चूक होण्याआधीच आईने टाळली. फरशी सपाट दिसावी म्हणून आम्ही दोरी ताणून बसलो होतो. दारात पाटावर बसून ती म्हणाली, “पुता, पयलीं उदकाक वाट दी, मागीर फातर घाल.” आधी पाण्याला वाट द्यावी, दगड मागाहून घालावा. तिच्या बोलण्याचे मर्म कळण्यास आम्हांस देवळाकडे पाहावे लागले. गाभाऱ्यात अभिषेकाचे पाणी साचून राहत नाही; ते बहुधा उत्तरेच्या भिंतीतील प्रणाळातून बाहेर जाते, आणि शिवालयात प्रदक्षिणा घालणारा भक्त ती वाट ओलांडीत नाही. मोहेंजोदडोच्या महास्नानकुंडाचा विटांचा तळही सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी एका कोपऱ्याकडे उतरता बांधलेला आहे, आणि गळती थांबावी म्हणून भिंतीमागे डांबराचा थर दिलेला आहे. जे त्या लोकांस कळले होते, ते आम्ही दोरीच्या मोहाने विसरत होतो.

पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांस धरून आम्ही पातळी घेतली आणि दर चार फुटांस पाऊण इंच असा ढाळ मोरीकडे दिला. ह्याहून कमी दिल्यास पाणी रेंगाळते, फार जास्त दिल्यास म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. मोरीच्या तोंडाशी ट्रॅप बसवला. दुकानदाराने त्यास ‘नहाणी ट्रॅप’ म्हटले तेव्हा आम्हांस मौज वाटली, कारण बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतूनही ह्या वस्तूचे हेच नाव छापले जाते. आपल्या घरातला शब्द असा साहेबाच्या पोथीत जाऊन बसला आहे! त्याच्या वळणात सुमारे दोन इंच पाणी सदैव उभे राहते आणि गटाराची दुर्गंधी व झुरळे आत येऊ देत नाही. नळाच्या अशाच वळणाचे पेटंट अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने लंडनमध्ये १७७५ साली घेतले होते. न्हाणीघर बरेच दिवस वापरात नसेल तर हे पाणी आटते. गावाहून परतताच तांब्याभर पाणी त्यात ओतावे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. बाहेरच्या कुंडीस आम्ही दोन तोंडे ठेवली, एक गटाराकडे आणि एक आळूच्या वाफ्याकडे. साबणाचे पाणी पहिल्या वाटेने जाते, भाण विसळल्याचे दुसऱ्या.

तिसरी चूक वीस वर्षांपूर्वीची, तीही आमचीच. देवघरालगतच्या भिंतीस ओल येते म्हणून आम्ही तेव्हा तिला न्हाणीघराच्या बाजूने सिमेंटचा गिलावा केला होता. मूळची भिंत मऊ विटांची आणि चुन्याची. सिमेंटने तिचा श्वास कोंडला. आत शिरलेले पाणी इकडून बाहेर पडेना, म्हणून ते देवघराच्या बाजूने पाझरले आणि देव्हाऱ्यामागे लोणा फुलला. दरवर्षी आम्ही त्यावर रंग लावीत होतो आणि दरवर्षी तो गळून पडत होता. आता सिमेंट खरवडून काढले, भिंत पुरती वाळू दिली आणि चुन्याचा गिलावा केला. कळीचा चुना पाण्यात टाकताच उकळतो, तेव्हा डोळे व हात सांभाळावे लागतात; पुढे मात्र तो हवेतील कर्बवायू शोषीत सावकाश घट्ट होतो. त्यास घाई खपत नाही. आम्हांसही ती सोडून द्यावी लागली. फरशीच्या बाजूने गुडघ्याच्या उंचीपर्यंत दगडी पट्टी लावली, म्हणजे शिंतोडे भिंतीस लागू नयेत.

दोन कामे मात्र आम्ही आपल्या हातांनी केली नाहीत. विजेचा दिवा, अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र परवानाधारक तारतंत्र्याने बसवले. आधाराचा पोलादी दांडा लोहाराने केला. जुन्या विटांत खिळे टिकत नाहीत, म्हणून त्याचे बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडे पट्टीवर आवळले. हौद अर्ध्यावर आणला आणि त्या जागी दगडी बैठक बांधली. भाण व चूल जेथे होती तेथेच राहिली.

शेवटी मोरीस बोळा घालून फरशीवर पाणी भरले आणि खडूने पातळीची खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेशीच होते. देवघराच्या भिंतीवर डाग नव्हता. बोळा काढताच सारे पाणी कोणी न सांगता मोरीकडे निघाले. आई ते पाहत राहिली.

नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी, ज्यास आमचे कानडी शेजारी ‘नीरु तुंबुव हब्ब’ म्हणजे पाणी भरण्याचा सण म्हणतात, सूनबाईने भाण चिंचेने घासून लखलखीत केले, त्यास झेंडूची माळ घातली आणि पाणी भरले. पहाटे आईस तेल लावून झाले. ती दांडा धरून आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर उभे होतो, कान दाराशी. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज झाला, आणि मग त्या सात नद्या, एकेक करून, पुन्हा आमच्या घरी आल्या.