टोकियोच्या टेबलावर गावाकडचं सोयाबीन!

जपानी रेस्टॉरंट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कच्चा मासा, दोन काड्या आणि हिरवी चटणी समजून तोंडात टाकलेला वासाबी! म्हणून तर ऑनसाइटला निघालेल्या सांगलीकराच्या बॅगेत भडंग आणि शेंगदाण्याची चटणी ठासून भरलेली असते, आणि सातारकराच्या बॅगेत कंदी पेढे. पहिला आठवडा तरी निघाला पाहिजे ना!

पण खरं सांगू? त्या टेबलावर आपल्या ओळखीचं एक पीक बसलेलं असतं. फक्त आपण त्याला ताटात कधी बघितलेलं नसतं.

टोकियोतल्या एका इझाकायात गेले होते. इझाकाया म्हणजे ऑफिस सुटल्यावर टाय सैल करून बसायची जागा. थोडं प्यायचं, बरंच खायचं आणि बॉसच्या नावानं गप्पा ठोकायच्या! बसल्या बसल्या समोर वाटी आली. त्यात हिरव्यागार, लव असलेल्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा. एदामामे. सोप्या मराठीत, सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा! शेंग ओठांत धरायची, दाणे दातांनी ओढून घ्यायचे, टरफल बाजूला. आपण भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडून खातो, अगदी तोच टाइमपास.

मग लक्षात येत गेलं, टेबलावर सगळीकडे सोयाबीनच आहे. वाटीतलं मिसो सूप? मिसो म्हणजे उकडलेलं सोयाबीन, मीठ आणि कोजी नावाची बुरशी चढवलेला तांदूळ किंवा जव, हे सगळं लोणच्यासारखं महिनोन्‌महिने मुरवलेलं. छोट्या बाटलीतला सोया सॉस? सोयाबीन आणि गहू आंबवून केलेला. मऊ लुसलुशीत तोफू? सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, दूध गाळायचं आणि निगारी, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारा क्षार, घालून ते साकळवायचं. पनीरचाच फंडा! त्या दुधावरची साय वेगळी काढतात, तिला युबा म्हणतात. आणि शेवटच्या गोड पदार्थावर भुरभुरलेली पिवळी पूड? किनाको. भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, चवीला थेट फुटाण्याच्या पिठाची बहीण.

एक सावधगिरी मात्र नात्तोची. आंबवलेलं सोयाबीन, चिकट, काडीनं उचललं की लांबच लांब तारा. वास तर विचारूच नका. तुम्हाला नाही आवडलं तर वाईट वाटून घेऊ नका, खुद्द जपानच्या पश्चिम भागातही नात्तोला नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात.

आता जरा गावाकडे या. पावसाळ्यात कऱ्हाड, कोरेगाव, वाळवा, पलूस कुठल्याही रस्त्यानं जा. उसाच्या शेजारी गुडघ्याएवढं सोयाबीन डुलत असतं. जिथं आजीच्या आठवणीत भुईमूग होता, तिथं आज बऱ्याच ठिकाणी हेच. सांगलीजवळ कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. ‘फुले संगम’ आणि ‘फुले किमया’ हे सोयाबीनचे गाजलेले वाण तिथलेच. म्हणजे पिकवण्यात आपण कुठंही कमी नाही.

पण पोतं भरलं की ते जातं कुठं? बाजार समितीत, तिथून तेलगिरणीत. दाण्यात तेल साधारण १८ ते २० टक्के, ते आपल्या कढईत येतं. प्रथिनं जवळजवळ ४० टक्के, ती पेंडीत उरतात आणि मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जातात. भावही मग तेल आणि पेंडीच्या बाजारावर हलतो. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बऱ्याच बाजारांत सौदे त्याच्या खाली झाले. मामा-काकांच्या फोनवर तेव्हा दुसरा विषय नसायचा.

जपानचं सगळंच गुडी गुडी आहे, असंही नाही. तो देश स्वतःच्या गरजेचं ९० टक्क्यांहून जास्त सोयाबीन बाहेरून आणतो, आणि त्यातला मोठा वाटा तिथंही तेलासाठीच जातो. फरक एवढाच की उरलेल्या दाण्याला तिथं चव आहे, नाव आहे, नाश्त्यापासून डेझर्टपर्यंत जागा आहे. आपल्याकडे ते फक्त क्विंटलमध्ये मोजलं जातं.

शाकाहारी मंडळींनो, एक टिप. मिसो सूप दिसायला साधं, पण त्याचा बेस म्हणजे ‘दाशी’ बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा असतो. तोफूवरही माशाचे पापुद्रे भुरभुरलेले असू शकतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारा. आणि वेळ असेल तर वाकायामा प्रांतातल्या कोयासान डोंगरावर जा. नवव्या शतकात कुकाई या बौद्ध भिक्षूनं वसवलेलं हे ठिकाण. तिथल्या मठांत मुक्काम करता येतो आणि मठातलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं. दाशीसुद्धा समुद्री शेवाळाची आणि मशरूमची. गोठवून सुकवलेला ‘कोया-दोफू’ हा या डोंगराच्या नावानंच ओळखला जातो. याच वाकायामाबरोबर महाराष्ट्र सरकारनं २०१३ मध्ये सहकार्याचा करार केला, तेव्हा पाहुणे म्हणून अगदीच परके नाही आपण!

आणि पासपोर्ट काढायचा कंटाळा आला असेल तर गौरी-गणपतीला गावी जा. त्याच सुमारास शेंगा भरतात. फवारणी कधी झाली ते काकांना विचारून घ्या, मूठभर हिरव्या शेंगा तोडा, धुवा आणि मिठाच्या पाण्यात चांगल्या शिजवा. कच्च्या अजिबात खाऊ नका. आपला दाणा जपानी एदामामेपेक्षा बारीक असेल, पण चव घेऊन तर बघा. काकांनाही द्या. इतकी वर्षं पिकवलंय त्यांनी, एकदा खाऊन बघायला काय हरकत आहे?