बुद्धिबळांतील नवीं सोंगें आणि जुने नियम

मनुष्यास खेळ जितका प्रिय, तितकेंच खेळाचे नियम बदलून पाहणेंही प्रिय असतें. आमच्या शाळेंतील कांहीं मुलें दुपारच्या सुटींत संगणकावर जें बुद्धिबळ खेळतात, त्यांत राजा, वजीर, उंट यांच्या जोडीस परीकथेंतील प्राणी येऊन बसलेले पाहून एका पालकांनीं आम्हांस विचारलें, “सर, हा खेळ आहे कीं खूळ?” प्रश्न रास्त होता. त्याचें यथामति उत्तर देण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम सोंग व नियम यांतील भेद ध्यानांत घ्यावा. १९८८ सालीं निघालेल्या ‘बॅटल चेस’ या संगणकीय खेळांत मोहरे जिवंत होऊन चालतात व एकमेकांशीं झुंजून पडतात. परंतु खेळ नेहमींचाच असतो. केवळ सोंग नवें. त्याच्याही पूर्वीं, १९८३ सालीं, ‘आर्कॉन’ नांवाचा खेळ निघाला. त्याच्या पटावर उभ्याआडव्या नऊ-नऊ घरांत ड्रॅगन, युनिकॉर्न असे प्राणी उभे असतात; आणि शत्रूच्या घरांत शिरल्यानें शत्रु मरतोच असें नाहीं, तर दोघांची लढत होऊन बचाव करणाराही जिंकूं शकतो. येथें नियमच पालटला.

नियम पालटण्याची ही हौस संगणकाहून जुनी आहे. थॉमस रेनर डॉसन (१८८९–१९५१) या इंग्रज गृहस्थांनीं कूटप्रश्नांसाठीं ‘नाकतोडा’ नांवाचा मोहरा कल्पिला. तो वजिराच्या रेषेनेंच जातो, पण वाटेंतील एखाद्या मोहऱ्यावरून उडी मारून लगतच्या पलीकडील घरांतच उतरतो. ओलांडावयास कोणी नसेल तर त्यास चालच नाहीं. जगज्जेते कापाब्लांका यांनींही मोठ्या पटावर दोन नवे मोहरे आणून पाहिले; एकांत उंट व घोडा यांचें बळ एकवटलें होतें, दुसऱ्यांत हत्ती व घोडा यांचें.

मग खरें बुद्धिबळ कोणतें? आमच्या बिलोलीस मांजरेचें पात्र व तेलंगणाची सीव जवळ असल्यामुळें वर्गांत मराठी, उर्दू, तेलुगू अशा निरनिराळ्या घरचीं मुलें शेजारीं बसतात. मराठी घरचा मुलगा कोपऱ्यांतील मोहऱ्यास हत्ती म्हणतो. उर्दू घरचा मुलगा त्यास रुख म्हणतो व फील, म्हणजे हत्ती, हें नांव आमच्या उंटास देतो. यावरून तंटा झालेला आम्हीं पाहिला आहे. वस्तुतः दोघेही खरे. जुन्या शतरंजांत उंटाच्या जागीं फीलच असे व तो तिरपा, दोन घरांवर उडी घेई. वजीरही तेव्हां तिरपें एकच घर चाले. त्याचें आजचें सामर्थ्य पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत आलें. येथून फार दूर नसलेल्या कल्याणीचा (हल्लींचें बसवकल्याण) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत तर दोघांच्या बुद्धिबळाबरोबर चौघांच्या बुद्धिबळाचेंही वर्णन आहे.

हें पांडित्य आम्हांस एका विशेष प्रसंगीं उपयोगी पडलें. नववींतील एक विद्यार्थी स्पर्धेंत खेळून आला आणि आजोबांबरोबर पटावर बसेनासा झाला. कारण विचारतां म्हणाला, “सर, आजोबांना खेळच येत नाही. प्यादं दोन घरं चालवलं की मागं घ्यायला लावतात.” पुढें आजोबा बाजारांत भेटले, तेव्हां एवढेंच बोलले, “पोरगं आता माझ्यासंगं बसत न्हाई, सर. माझा डाव चुकीचा हाय म्हणतंय.” ज्यानें नातवास घोड्याची अडीच घरांची चाल शिकविली, त्यासच नातवानें अडाणी ठरवावें, ही गोष्ट आमच्या मनास लागली.

‘फेअरी-स्टॉकफिश’ नांवाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो बुद्धिबळाचे अनेक प्रकार जाणतो, व नवा प्रकार हवा असेल तर साध्या मजकुराच्या एका फाइलींत लिहून त्यास शिकवितां येतो. पट दाखविण्याचें काम त्याचें नव्हे. त्यासाठीं दुसरा प्रोग्राम जोडावा लागतो. ही जोडणी झाल्यावर फाइल आम्हीं त्या मुलाकडूनच लिहविली. पहिल्या ओळींत नव्या प्रकारास ‘देशी’ हें नांव देऊन त्याचा पाया नेहमींचें बुद्धिबळ असल्याचें सांगितलें. दुसरींत प्याद्याची दोन घरांची चाल बंद केली. तिसरींत किल्लेकोट बंद केला. एवढ्यानेंच डाव असा पालटला कीं, पाठ केलेले आरंभ निरुपयोगी झाले व हा स्पर्धेंतील वीर यंत्राकडून लागोपाठ हरला. तेव्हां त्यानें विचारलें, “किल्लेकोट नाही, तर आजोबा राजाला वाचवतात कसं?”

आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं. आजोबांस विचारावयास सांगितलें. देशी खेळांत शह बसण्यापूर्वीं राजास एकदां घोड्याची उडी घेतां येते, आणि शेवटच्या घरीं पोंचलेलें प्यादें ज्या मोहऱ्याच्या रांगेंत चढलें, तोच मोहरा होतें. गांवोगांवीं यांत थोडा फरक असतो. हे दोन नियम आम्हीं मुद्दाम फाइलींत घातले नाहींत. लांकडी पटासाठीं राखून ठेविले. मुलगा त्या संध्याकाळीं आजोबांपुढें बसला, आणि कित्येक दिवस हरत राहिला असें ऐकतों.

देशी नियम म्हणजे अडाण्यांचा खेळ, असें समजणाऱ्यांनीं पंजाबच्या मीर सुलतान खान यांचें चरित्र पाहावें. ते देशी खेळांत वाढले, पाश्चात्य नियम मागाहून शिकले, आणि १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. २०२४ सालीं जागतिक बुद्धिबळ संघटनेनें त्यांस मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली.

तेव्हां त्या पालकांस आमचें उत्तर असें कीं, हें खूळ नव्हे. ज्या मुलानें स्वतः नियम लिहून पाहिला, त्यास नियम हा माणसांमाणसांतील करार आहे हें कळतें. असा मुलगा दुसऱ्याच्या घरचा नियम निराळा दिसतांच त्यास चूक म्हणत नाहीं. मात्र एकदां कबूल केलेला नियम, डाव अंगावर आला तरी, मोडीतही नाहीं. म्हणून विद्यार्थिमित्रहो, परक्या पटावर बसतांना पहिलें प्यादें उचलण्यापूर्वीं समोरच्यास अवश्य विचारा, “आपल्याकडे कसें खेळतात?”