मूळ राहणार लोणार

वडिलांच्या अस्थी घेऊन मी नाशिकास गेलो, त्यास आता तीन वर्षे होतील. रामकुंडावरचा विधी आटोपल्यावर आमच्या क्षेत्रोपाध्यायांनी कापडात बांधलेली नामावळीची जुनी वही काढली. पाने उलटता उलटता त्यांचे बोट एका जागी थांबले. पणजोबांचे नाव, त्यांच्या बंधूंची व पुत्रांची नावे, आणि खाली आजोबांच्या वळणदार अक्षरात 'मूळ राहणार लोणार, तालुका मेहकर' एवढे शब्द. त्याखाली वडिलांची सही होती. तिच्या खाली मी माझे व माझ्या मुलाचे नाव लिहिले. "आता तिकडे कोण असते?" असे उपाध्यायांनी सहज विचारले. "चुलतभाऊ आहेत," असे मी म्हणालो खरा. पण त्या भावास मी वीस वर्षांत पाहिले नव्हते आणि लोणारास माझा पाय कधी लागलाच नव्हता, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

इंग्लंडातील लहानसहान बाजारगावांत हल्ली अमेरिका-ऑस्ट्रेलियातून पाहुणे येतात. त्यांचे पणजे-खापरपणजे कधी काळी ते गाव सोडून गेलेले असतात. थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने १५३८ सालापासून तेथील चर्चमधून बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवू लागले. ही मंडळी त्या नोंदींतून आपले नाव शोधून काढतात, दफनभूमीतील शिळेवरची पुसट अक्षरे वाचतात आणि ज्यांना कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी डोळे ओले करून परततात. आपल्याकडे ते काम उपाध्यायांची वही करते, असा मला त्या दिवशी अभिमान वाटला. परंतु दोहोंत एक मोठा फरक आहे. तेथील नोंदीत मुलगी जन्मली तरी तिचे नाव लिहिले जाते. आमच्या पानावर माझ्या आत्याचे नाव नव्हते. ही गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षातही आली नाही.

पुढील वर्षी लोणारच्या दादाचे पत्र आले. घराचे माळवद खचले होते. ते उतरवून नवे बांधावयाचे होते. कर्जासाठी सर्व वारसांच्या सह्या हव्या होत्या. आजोबा वारले १९६४ साली, म्हणजे १९५६ चा वारसा कायदा झाल्यानंतर; तेव्हा त्यांच्या मिळकतीत वडील, काका आणि आत्या अशी तिघे वारस झाली होती. आम्ही भावंडांनी आपले हक्कसोडपत्र आनंदाने करून दिले. राहिली आत्या. ती चौऱ्याऐंशी वर्षांची असून लग्न झाल्यापासून इंदुरास राहते. तिची सही मिळविण्याचे काम मजकडे आले. मी इंदुरास गेलो, तेव्हा तिने कागद शांतपणे वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "मला एकदा लोणारास ने. मग पाहू." तिच्या देवघरात, फोटोंच्या मागे, वर्तमानपत्रातले एक कात्रण जपून ठेवलेले दिसले. जून २०२० मध्ये लोणारचे तळे एकाएकी गुलाबी झाले होते, त्याचे ते चित्र होते. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्यामुळे तसे घडल्याचे पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सांगितले. आत्याला शास्त्राशी कर्तव्य नव्हते. तिच्या माहेरचे चित्र छापून आले होते, एवढेच तिला पुरेसे होते.

गेल्या माघात आम्ही निघालो. जालन्याहून मोटार सिंदखेडराजाच्या वाटेला लागली, तेव्हा तिने लखुजी जाधवांच्या वाड्यापुढे गाडी थांबवावयास लावली. ती उतरली नाही, बसल्या जागेवरून हात जोडले व म्हणाली, "जिजाबाईंचे सासर-माहेर एकमेकांचे वैरी झाले. तरी जगाने त्यांचे माहेर विसरले नाही." मी काहीच बोललो नाही. माझ्या पिशवीत तो कागद होता.

लोणारचे विवर प्रथम पाहणाऱ्याला आपण डोंगर चढून आलो नसता एवढी खोली कोठून आली, याचे नवल वाटते. सपाट काळ्या रानात एकाएकी जमीन संपते आणि सुमारे दीडशे मीटर खाली पाण्याचे हिरवट वर्तुळ दिसते. काठापासून काठापर्यंतचे अंतर जवळ जवळ पावणेदोन ते दोन किलोमीटर आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. हा जुना ज्वालामुखी असावा, असे पुष्कळ काळ समजत. येथील दगडात उल्केच्या प्रचंड आघातानेच निर्माण होणारी काच सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि तो वाद बहुतेक मिटला. वय मात्र अजून वादात आहे. कोणी पन्नास हजार वर्षे म्हणतात, तर अलीकडील मोजणी पावणेसहा लाखांच्या घरात जाते. आमचा घरचा वाद अवघा पन्नास वर्षांचा होता, एवढाच काय तो दिलासा.

आजोबांच्या घराची अवस्था दादाने लिहिल्याहून वाईट होती. माजघराला टेकू दिले होते. आत्या उंबऱ्याशी थबकली. वहिनींनी तिच्या पायांवर पाणी घातले, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आत्या सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कोपऱ्यातल्या पाट्यावरून हात फिरवून म्हणाली, "हा अजून आहे तर! यावर मी पापडाचे उडीद वाटले आहेत. खार मात्र विकत आणावा लागत नसे." तळ्याच्या काठी पाणी आटले की क्षार धरतो. साबण, काच आणि पापड यांना तो लागे. अकबराच्या दरबारच्या आईन-ए-अकबरी या ग्रंथातसुद्धा काच आणि साबण यांचे साहित्य येथे मिळत असल्याचा उल्लेख आहे. आईन लिहिणाऱ्यास पापडांची माहिती नसावी!

जेवणे झाली. भरीत-भाकरीने सर्वांची मने सैल झाली आहेत असे पाहून दादाने विषय काढला. "आत्या, तुला काय कमी आहे? इंदुरास तुझे भरलेले घर आहे. सही केलीस म्हणजे आम्ही मोकळे झालो."

"तुम्ही मोकळे झालात, हे खरे," आत्या म्हणाली, "आणि मी?"

कोणास उत्तर सुचेना. मग तीच हसून म्हणाली, "या गावात बहिणींचे नाव आधीच बदनाम आहे रे! लवणासुराच्या बहिणींची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नाही काय?" लोणारमाहात्म्यातील ती कथा आम्ही पुसटशी ऐकली होती. लवणासुर विवरात लपून राही. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणी मोहित झाल्या, त्यांनी भावाची लपण्याची जागा दाखविली. मग देवाने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवून त्यास मारले. दैत्यसूदनाच्या देवळाला नाव पडले ते यावरूनच. "तेव्हापासून येथल्या भावांचा बहिणींवर विश्वास नाही," असे म्हणून ती आत जाऊन निजली. दादाचा चेहरा उतरला. रात्री ओसरीवर तो मला म्हणाला, "म्हातारपणी एवढा लोभ बरा नव्हे." मलाही क्षणभर तसेच वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला धारेवर घेऊन गेलो. विवराच्या काठावर गोमुखातून गोड पाण्याची धार बारा महिने वाहते. आत्याने ओंजळीत पाणी घेतले, डोळ्यांना लावले आणि पायरीवर बसली. खाली कमळजादेवीच्या देवळाकडे उतरणे तिला शक्य नव्हते. तिने वरूनच काठ न्याहाळला. "तिथे सासू-सुनेची विहीर आहे. एका अंगाला पाणी गोड, दुसऱ्या अंगाला खारट. तळे वाढले की ती पाण्याखाली जाते. आम्ही मुली भांडायचो, गोड पाणी सासूचे की सुनेचे म्हणून." थोड्या वेळाने ती म्हणाली, "नणंदेची विहीर कोणी खणली नाही."

मग तिने जे सांगितले ते मला अगदी नवे होते. १९७१ साली आजी वारली, तेव्हा आत्या लोणारास आली होती. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या वडिलांनी तिच्यापुढे असाच एक कागद ठेवला. काकांनी नव्हे, माझ्या वडिलांनी! आईचे लुगडे अजून दोरीवर वाळत होते. ती म्हणाली, "दादा, आज नको." तेवढ्यावरून वडिलांनी बोलणे टाकले. त्या वर्षी भाऊबीजेचे बोलावणे आले नाही. पुढेही कधी आले नाही. काकांनी वडील भावाच्या भिडेने मौन धरले. आत्याला माहेरी येण्याचे कारणच उरले नाही.

"मला जमीन नको, भिंत नको," ती म्हणाली. "सही केली असती तर भाऊ राहिले असते, हे मला तेव्हाही कळत होते. पण सहीच्या बदल्यात मिळते ते माहेर कसले? कायद्याने माझे नाव त्या घराला लागले आहे. ते एकदाच कोठे तरी लिहिले गेले आहे. ते मी माझ्याच हाताने कसे खोडू?"

वडिलांची अस्थी मी ज्या श्रद्धेने नेली होती, ती श्रद्धा ढळली असे नाही. पण ज्या पानावर मी अभिमानाने नाव लिहिले, ते पान माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यावर तीन पिढ्यांतली एकही मुलगी नव्हती. आणि तोच कागद पिशवीत घालून मी, माझ्या बापाचा मुलगा, चौपन्न वर्षांनी पुन्हा तिच्यापुढे उभा होतो.

परत आल्यावर मी दादाला सर्व सांगितले. तो रागावला. "कर्ज अडेल, पाऊस तोंडावर आला म्हणजे घर पडेल," असे म्हणाला. ते खोटेही नव्हते. मार्ग काढला तो वहिनींनी. त्या म्हणाल्या, "आत्याबाईंचे नाव राहू द्या. घर बांधण्याला व कर्जाला त्यांची संमती तेवढी घ्या. हक्क सोडा म्हणून कोण सांगते? मीही कोणाची तरी बहीण आहे." वकिलाला विचारले. संमतिपत्रावर काम भागण्यासारखे होते. कागद थोडे वाढणार होते, एवढेच. दादा दोन प्रहरपर्यंत घुम्यासारखा बसून होता. मग उठून त्याने आत्याचा चष्मा आणून दिला. तिने संमतिपत्र दोनदा वाचून सही केली. पूर्वीचे हक्कसोडपत्र मी पिशवीतून काढले आणि वहिनींनी ते चुलीत घातले.

सर्व गोड झाले, असे मी म्हणणार नाही. दादाच्या मनात किंचित अढी राहिली आहे, ती त्याच्या बोलण्यात जाणवते. गेलेली चौपन्न वर्षे कोणी परत देऊ शकत नाही. वडिलांना विचारावयास तेही आता नाहीत. परंतु माळवद उतरले, भिंती वर आल्या, आणि यंदाच्या भाऊबीजेला दादा इंदुरास गेला. जाताना त्याने तांब्याभर धारेचे पाणी नेले. नव्या स्वयंपाकघरात जुना पाटा जागच्या जागी आहे.

नाशिकास मीही पुन्हा जाऊन आलो. उपाध्यायांनी पान काढून दिले. वडिलांच्या सहीशेजारी जागा थोडी होती. तेथे मी आत्याचे नाव लिहिले, माहेरचे व सासरचे दोन्ही. उपाध्यायांनी पाहिले आणि विचारले, "या कोठल्या?"

मी सांगितले, "मूळ राहणार लोणार."